माल गेला, सही कुठे आहे?

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या शॉपच्या मालकाला विचारा, धंदा कसा चाललाय? उत्तर ठरलेलं असतं. काम भरपूर आहे, पैसे अडकलेत. टर्निंगचं जॉबवर्क करणारा, पावडर कोटिंग करणारा, लाकडी पॅलेट बनवून चाकणला पाठवणारा, कुदळवाडीत भंगार वेगळं करून फाउंड्रीला देणारा, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. माल गेला, चलनावर गेटचा शिक्का बसला, जीएसटी आपल्या खिशातून भरला आणि पेमेंट मात्र ‘पुढच्या आठवड्यात’.

या धंद्यांत आपली मुलं भरपूर आहेत. आयटीआय करून कुणी वेल्डिंगचं शेड टाकलंय, कुणी डिप्लोमानंतर दोन सीएनसी मशीन कर्जावर घेतल्यात. त्यांना मी एक प्रश्न विचारत असतो. समोरचा तुम्हाला किती रक्कम देणं लागतो आणि ती कोणत्या तारखेला देणार आहे, हे त्याच्या स्वतःच्या सहीने लिहिलेला एक तरी कागद तुमच्याकडे आहे का? बहुतेकांकडे असतं ते आपणच बनवलेलं बिल, आपणच छापलेलं चलन, आपल्याच टॅलीतली बाकी आणि व्हॉट्सॲपवर आलेलं ‘हो भाई, करतो’.

असा सहीचा कागद आपल्या बाजारात शेकडो वर्षं होता आणि १८८१ पासून देशाच्या कायद्यात त्याला पक्की जागा आहे. इंग्रजीतलं त्याचं नाव बिल ऑफ एक्स्चेंज, कायद्याच्या मराठीत विनिमयपत्र आणि आपल्या बाजाराच्या भाषेत हुंडी. माझं म्हणणं असं की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात छोटा धंदा करणाऱ्या आपल्या पिढीने हुंडी पुन्हा शिकली पाहिजे. ती मागायला शिकलं पाहिजे आणि स्वतः सही करताना काय होतं, तेही शिकलं पाहिजे.

हुंडी परकी नाही

आपण आजही म्हणतो, चेक वटला, चेक वटला नाही. हे ‘वटणं’ हुंडीचंच. हुंडी वटवायची आणि त्यासाठी द्यावी लागे ती वटणावळ. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या मुदतीनंतर द्यायचे ती मुदती हुंडी. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती मान्य केली की म्हणत, हुंडी सकारली. पेशवाईत पुण्याच्या सावकारांचे व्यवहार दूरदूरच्या पेठांशी याच कागदावर चालत. रोकड घेऊन वाट तुडवण्यापेक्षा चिठ्ठी नेणं सुरक्षित होतं.

मुस्लीम जगालाही हा कागद नवा नाही. अब्बासी काळात प्रांतांतला महसूल बगदादला पोचवायला ‘सुफतजा’ नावाची पत्रं वापरली जात. एका गावात रक्कम भरायची आणि त्या पत्रावर दुसऱ्या गावात घ्यायची. फिक्हच्या पुस्तकांत ‘हवाला’ या विषयाला स्वतंत्र जागा असते. हवाला म्हणजे एकाच्या अंगावरचं देणं दुसऱ्याच्या अंगावर सोपवणं. आज हा शब्द फक्त ईडीच्या बातम्यांत ऐकू येतो. मुळात तो उजळ माथ्याने चालणाऱ्या व्यापाराचा शब्द आहे.

इंग्रजांनी १८८१ मध्ये निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट केला, तेव्हा पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज राखून ठेवले. चेक बाउन्सच्या कलम १३८ मुळे आपण सगळे हा कायदा नावाने ओळखतो. पण ते कलम १९८८ च्या दुरुस्तीने आलं. त्याच्या आधी शंभर वर्षं हा कायदा होता आणि त्यातला मोठा भाग हुंडीबद्दलच आहे.

कागद कसा चालतो

समजा, तुम्ही भोसरीतून चाकणच्या एका मध्यम कंपनीला ६,४०,००० रुपयांचे ब्रॅकेट पाठवले. बिलाबरोबर तुम्ही आणखी एक कागद लिहिता. त्यावर तारीख १० जून. मजकूर साधा: आजच्या तारखेपासून ३० दिवसांनी आम्हाला किंवा आमच्या आदेशानुसार रुपये ६,४०,००० द्यावेत, मालाचा मोबदला मिळाला आहे. खाली तुमची सही, समोर त्या कंपनीचं नाव आणि पत्ता.

कलम ५ ला एवढंच लागतं. आदेश लेखी हवा, बिनशर्त हवा, लिहिणाऱ्याची सही हवी, रक्कम नक्की हवी आणि देणारा-घेणारा ओळखता यायला हवा. ‘माल पसंत पडला तर द्यावेत’ असं लिहिलं की ती हुंडी राहत नाही, कारण आदेशाला अट चिकटली.

आता कागद कंपनीकडे जातो. विचार करायला तिला ४८ तास मिळतात, त्यात सार्वजनिक सुट्टी धरत नाहीत. तिथल्या अधिकृत माणसाने त्यावर ‘स्वीकारले’ लिहून कंपनीच्या वतीने सही करेपर्यंत हुंडीवर तिची काहीही जबाबदारी नसते. सही झाली की कंपनी त्या रकमेची मुख्य देणेकरी होते. मुदतीच्या हुंडीला कायदा सवलतीचे तीन दिवस देतो, म्हणजे १० जुलै आणि वर तीन, असे पैसे १३ जुलैला देय होतात. तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा निघाला तर आदल्या कामाच्या दिवशी.

मी सॉफ्टवेअर लिहितो. कंपन्यांच्या खरेदी-पेमेंटच्या प्रणाली आतून कशा चालतात, ते पाहिलेलं आहे. तुमचं बिल तिथे एक नोंद असतं. माल आला, तपासणी बाकी, तपासणी झाली, बिल पोस्ट झालं, पेमेंटच्या रांगेत आहे, अशी तिची स्टेटस बदलत जातात. ही सगळी स्टेटस खरेदीदाराच्या सर्व्हरवर असतात आणि ती बदलण्याचा अधिकारही त्याचाच. कुणी ‘क्वालिटी होल्ड’ टाकला की तुमची तारीख पुढे सरकते आणि तुम्हाला ते फोन केल्याशिवाय कळत नाही. सकारलेली हुंडी तुमच्या कपाटात असते. तिच्यातली तारीख किंवा रक्कम कुणा एकाला परस्पर बदलता येत नाही. आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. तुम्ही स्वतः आकडा खोडून लिहिलात तर तुमचीच हुंडी रद्दबातल होईल.

हीच हुंडी तुम्ही तीन प्रकारे वापरू शकता. मुदत संपेपर्यंत ठेवून पैसे घ्यायचे. बँकेत वटवून आज थोडे कमी पैसे घ्यायचे. किंवा पाठीमागे सही करून ती तुमच्या पोलाद विक्रेत्याच्या नावे करायची, म्हणजे तुमचं त्याच्याकडचं देणं तिने फिटतं आणि चाकणची कंपनी मुदतीला पैसे त्याला देते. मात्र पाठीमागे सही केली म्हणजे हात झटकले असं होत नाही. कंपनीने पैसे दिले नाहीत, तर तो विक्रेता तुमच्याकडे येऊ शकतो. बँकेत वटवलेल्या हुंडीचंही सहसा असंच असतं.

पैसे आले नाहीत तर

हुंडीचं खरं बळ इथे दिसतं. नुसत्या बिलावर कोर्टात गेलात तर ऑर्डर होती, माल पोचला, माल बरोबर होता, हे एकेक करून तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. हुंडीवर गेलात तर कलम ११८ प्रमाणे ती मोबदल्यासाठीच लिहिली गेली, हे न्यायालय आधीच गृहीत धरतं. ‘माल खराब होता’ हा बचाव खरेदीदाराला उरतो, पण तो शाबित करण्याचं ओझं त्याच्यावर येतं.

दुसरी गोष्ट, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ३७. हुंडी, विनिमयपत्र आणि वचनचिठ्ठी यांवरच्या दाव्यांसाठी तिथे संक्षिप्त दाव्याची वाट आहे. त्यात प्रतिवादीला आपोआप बचाव करता येत नाही. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हायचं आणि पुढे बचावाची परवानगी मागायची. परवानगी मागितलीच नाही किंवा कारण पोकळ ठरलं, तर निकाल तुमच्या बाजूने. हे सगळं झटपट होतं असं मी म्हणणार नाही. कोर्ट ते कोर्टच. पण साध्या दाव्यापेक्षा ही वाट सरळ आहे. हुंडी वटली नाही, तर ताबडतोब सगळ्या संबंधितांना लेखी नोटीस द्यावी आणि नोटरीकडून हुंडीवर तशी नोंद करून घ्यावी. दाव्याची मुदत देय तारखेपासून तीन वर्षं.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा पुढच्या तारखेचा चेक बरा, त्यात जेलची भीती असते. ते खरं आहे. कलम १३८ फक्त चेकला लागतं, हुंडी नाकारली म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. पण चेक मिळतच असेल तर घ्याच, त्याचं हुंडीशी भांडण नाही. अडचण अशी आहे की आपल्या पट्ट्यात बहुतेकांना चेकही मिळत नाही. आणि चेकवर तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवस वाट, मग महिन्याच्या आत तक्रार, असं काटेकोर वेळापत्रक पाळावं लागतं.

दोन ठिकाणी घसरण्याचा धोका आहे. पहिला स्टॅम्पचा. मागताच देय असलेल्या हुंडीला मुद्रांक शुल्क नाही, पण मुदतीच्या हुंडीला आहे. त्याचे दर केंद्र सरकार ठरवतं. इतर बऱ्याच दस्तऐवजांवर स्टॅम्प कमी पडला तर नंतर दंड भरून ते पुराव्यात आणता येतात. हुंडी आणि वचनचिठ्ठीला मुद्रांक कायद्याच्या कलम ३५ ने ही सवलत ठेवलेली नाही. स्टॅम्प चुकला की कागद पुरावा म्हणून गेला. त्यामुळे पहिली हुंडी वकिलाला किंवा सीएला दाखवूनच लिहा.

दुसरा धोका आमच्या पिढीचा. आपल्याला वाटतं की पीडीएफवर ई-सही घेतली की झालं. माहिती तंत्रज्ञान कायद्याने चेक वगळता असे दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक रूपातून बाहेर ठेवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने हुंडीला थोडी वाट मोकळी झाली, पण ती रिझर्व्ह बँक किंवा सेबीसारख्या नियामकांच्या देखरेखीखालच्या संस्थांच्या नावे काढलेल्या किंवा त्यांनी पाठीमागे सही केलेल्या हुंडीपुरती. तुमच्या-माझ्यातली हुंडी कागदावर, शाईनेच हवी.

‘एवढा मोठा खरेदीदार सही करेल का?’

हा पहिला आक्षेप आणि तो रास्त आहे. चाकणच्या साखळीत वर गाडी बनवणारी कंपनी, तिच्या खाली टियर-वन, मग टियर-टू, मग टियर-थ्री आणि सगळ्यात खाली आपण. वरच्याला सही मागितली तर ऑर्डर शेजारच्या शेडला जाईल, ही भीती खोटी नाही.

पण वरच्या मजल्यासाठी दुसरं दार आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये ट्रेड्स नावाच्या व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१७ पासून आरएक्सआयएल, एमवन एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट असे मंच सुरू झाले. तिथे तुमचं बिल चढतं, खरेदीदार ते स्क्रीनवर मान्य करतो, बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे तुमच्या खात्यात येतात. मुदतीला खरेदीदार बँकेला पैसे देतो. त्याने दिले नाहीत, तर बँक तुमच्या मागे लागू शकत नाही. नाव नवं असलं तरी आतली कल्पना मुदती हुंडीचीच आहे. केंद्राच्या ७ नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी बंधनकारक केली. आधी ही मर्यादा ५०० कोटी होती. नोंदणी बंधनकारक आहे, प्रत्येक बिल तिथे चढवणं नाही. म्हणून पुरवठादाराने विचारायलाच हवं: साहेब, तुमची कंपनी ट्रेड्सवर आहे, माझी बिलं तिथे घेणार का?

त्याच्या जोडीला २००६ चा एमएसएमई कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक आणि सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे करता येते. त्यामुळे तुम्ही हुंडी लिहिताना सवलतीचे तीन दिवस धरून मुदत ४५ दिवसांच्या आतच ठेवा. ९० दिवसांच्या हुंडीवर सही घेऊन कायद्याने दिलेला हक्क आपणच लांबवू नका.

या कायद्यात एक फट आहे आणि ती नेमकी आपल्या बऱ्याच लोकांवर पडते. २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जापुरती. उशिरा पेमेंटचं संरक्षण त्यांना नाही. म्हणजे भंगार विकत घेऊन तसंच पुढे विकणारा कुदळवाडीचा व्यापारी परिषदेकडे जाऊ शकत नाही. त्याच्याकडे फक्त त्याचा कागद. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली हजारो बांधकामं पाडली. ती कारवाई योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण शेड जातं, पत्ता बदलतो, हिशेबाच्या वह्या ढिगाऱ्यात जातात, तेव्हा ‘तुझी बाकी कुठे लिहिलीये?’ असं म्हणणारा ग्राहक भेटतोच. घरच्या लोखंडी पेटीत सकारलेली हुंडी असेल, तर ती बाकी शेडबरोबर जात नाही.

आणि साखळीच्या खालच्या टोकाला, जिथे खरेदीदारही तुमच्या-माझ्यासारखाच दहा-वीस माणसं घेऊन काम करतो, तिथे सही मागण्यात अडचण कमी आहे. सुरुवात तिथून करता येते. आज तुम्ही त्याच्याकडून हुंडी घ्या, उद्या तुमच्या पुरवठादाराला हुंडी द्या. चाकणमधून परदेशी जाणाऱ्या मालाच्या कागदपत्रांत बिल ऑफ एक्स्चेंज आजही नेहमी असतं. मोठे लोक एकमेकांत ज्या शिस्तीने वागतात, ती आपल्या गल्लीत नको असं कुणी ठरवलं?

‘यात व्याज आलं ना?’

आपल्या तरुणांकडून हा प्रश्न हमखास येतो आणि तो टाळू नये. इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. हुंडी लिहिणं आणि सकारणं म्हणजे देणं कबूल करणं. त्यात व्याजाचा पैसाही नाही. सूरह बकराची २८२वी आयत ही कुरआनमधली सर्वांत लांब आयत, आणि तिचा विषय आहे मुदतीची उधारी लिहून ठेवणं. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. त्यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मजकूर सांगायचा तो देणेकऱ्याने. म्हणजे कबुली ज्याच्यावर देणं आहे त्याच्या तोंडची हवी. हुंडीवरची खरेदीदाराची सही दुसरं काय आहे?

बुखारी आणि मुस्लीम या दोन्ही संग्रहांतली एक हदीस याच विषयावर आहे. ऐपत असताना देणं लांबवणं हा जुलूम आहे, असा तिचा पहिला भाग. तुमचं येणं एखाद्या ऐपतदार माणसावर सोपवलं गेलं तर ते मान्य करावं, असा दुसरा. पहिला भाग आपण तक्रार करताना सांगतो. दुसऱ्या भागात हवाल्याचं तत्त्व आहे, म्हणजे पूर्ण रकमेची हुंडी पाठीमागे सही करून पुढे देण्याचं.

प्रश्न उरतो तो वटवण्याचा. ६,४०,००० ची हुंडी बँकेला ६,२५,००० ला देणं याला बहुतेक उलेमा व्याजच मानतात. मलेशियात शरिया सल्लागार परिषदेने वेगळी भूमिका घेतली होती आणि त्यावर वादही झाला. ट्रेड्सवरची बोलीसुद्धा वटणावळच, हे लपवण्यात अर्थ नाही. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. कुणी गरज म्हणून वटवेल, कुणी मुदतीपर्यंत थांबेल, कुणी पूर्ण रकमेला पुढे देईल, कुणी एमएसएमई कायद्याचं व्याज न घेता फक्त मुद्दल घेईल. पण व्याज नको म्हणून हुंडीच नको, हे गणित चुकीचं आहे. त्याने व्याज टळत नाही. पैसे अडकल्यावर पगार द्यायला आपण खासगी सावकाराकडे जातो आणि तिथे जे व्याज भरतो त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

‘आपसात कागद कशाला?’

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना. चाचांच्या ओळखीचा माणूस आहे, एकाच मशिदीत नमाजला असतो, त्याच्याकडे सही कशी मागायची? मला वाटतं, भरवसा असतानाच सही मागणं सोपं असतं. भांडण झाल्यावर कुणी सही देत नाही. नातं तुटतं ते बहुतेक वेळा आकडा आणि तारीख दोघांना वेगवेगळी आठवते म्हणून. आणि दोघांपैकी एकाला काही झालं, तर मुलांना वडिलांची आठवण वारशात मिळत नाही. कागद मिळतो.

पण हाच भरवसा आपल्याला उलट्या बाजूनेही अडकवतो. ‘भाईजान, फक्त सही कर, बँकेतून पैसे आले की मी भरतो’ असं म्हणून दोस्त हुंडी पुढे करतो. माल नाही, देणं नाही, केवळ मैत्रीसाठी सकारलेली हुंडी. त्या दोस्तापुरतं तुम्ही म्हणू शकता की मोबदला नव्हता. पण ती हुंडी पैसे मोजून, यातलं काही माहीत नसताना घेणाऱ्या तिसऱ्या माणसाला तुम्ही तसं सांगू शकत नाही. पूर्ण रक्कम तुमच्याकडून वसूल होईल. कोऱ्या चेकचंही तसंच. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सही करून स्वेच्छेने दिलेला कोरा चेक समोरच्याने भरला, तरी कायद्याचं गृहीतक सही करणाऱ्याच्या विरोधातच जातं. माल उधार मिळावा म्हणून विक्रेत्याकडे कोरे चेक ठेवणारे कितीतरी जण आपल्या ओळखीचे असतील. त्याऐवजी रक्कम आणि तारीख लिहिलेली हुंडी देणं देणाऱ्यासाठीही सुरक्षित आहे, कारण तुमची जबाबदारी किती, हे त्यात बांधलेलं असतं.

आता करायचं काय

राज्य मंडळाच्या बारावी वाणिज्यच्या लेखाकर्माच्या पुस्तकात विनिमयपत्रांवर धडा आहे. आपली हजारो मुलं-मुली त्याच्या जर्नल नोंदी पाठ करून परीक्षा देतात. त्यांचाच भाऊ त्याच वेळी भोसरीत बिलाचे पैसे मागत फिरत असतो आणि घरातल्या या दोघांचं या विषयावर कधी बोलणं होत नाही. ते व्हायला हवं. ज्या बहिणीने बी.कॉम. केलं, तिने भावाच्या शॉपमध्ये बसून पहिली हुंडी लिहावी. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत किंवा जमातीच्या सभागृहात महिन्यातून एक शनिवार एखादा वकील, एखादा सीए आणि दहा शॉपवाले बसले, तर वर्षभरात खूप फरक पडेल. आपण शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो, आधार दुरुस्त करून देतो, मतदार यादी तपासतो. हेही त्याच जातीचं काम आहे, हक्क कागदावर आणण्याचं.

घटनेने दिलेला धंद्याचा हक्क आपण भाषणांत सांगतो. तो रोजच्या जगण्यात कितपत उतरला, हे पगाराच्या तारखेला कळतं. एक तारखेला चार कामगारांचे पैसे देता आले नाहीत, तर त्यांच्या घरची चूल थांबते आणि ते कामगारही बहुतेक आपल्यासारखेच कुठून तरी पोटासाठी इथे आलेले असतात.

म्हणून या महिन्यात तीन गोष्टी करा. उद्यम नोंदणी नसेल तर करून घ्या, ती फुकट होते. आपल्या खरेदीदारांची यादी काढून त्यातले कोण ट्रेड्सवर आहेत ते विचारा. आणि जे नाहीत त्यांपैकी सगळ्यात भल्या माणसाकडे पुढच्या ऑर्डरबरोबर एक हुंडी घेऊन जा. तो सही करेल. त्याने केली की दुसऱ्याला मागताना तुमचा आवाज कापणार नाही.